एका इन्व्हर्टरवर दोघी

"आज काय ते ठरवा, ताई," असं म्हणत मुजीबभाईंनी दोन्ही खोकी काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. "मला घाई नाही. पण तुम्ही स्वतःलाही चैन पडू देत नाही आन् मलाही नाही."

खरंच होतं ते. त्या आठवड्यात मी त्यांच्या दुकानाच्या किती खेपा घातल्या होत्या, कोण जाणे. अंबाजोगाईच्या मोंढ्यामागे त्यांचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान. मे महिन्याची दुपार होती, उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं. मी स्टुलावर बसत होते, उठत होते, खोक्यावरचं वाचून झालेलं पुन्हा वाचत होते.

खोक्यांत दोन प्रोसेसर. एक बारा कोरचा, म्हणजे बारा जणांनी मिळून एकदम काम उपसावं तसा. दुसरा आठ कोरचा. मोठ्याची किंमत धाकट्याच्या जवळजवळ दुप्पट. पण मला छळत होता तो खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला वॉटचा आकडा.

"मोठा घेतला तर काम किती लवकर होईल?" मी पुन्हा विचारलं.

"काल सांगितलं तेच. धाकट्याला तीन तास लागतील तिथं हा दोनात मोकळा."

"आणि वीज?"

"जोरात चालला की तापतो, ताई. मग त्याला पंखा मोठा, त्याला पॉवर सप्लाय मोठा. सगळंच मोठं." त्यांनी धाकट्या खोक्यावर बोट टेकवलं. "हा गुणी आहे. विजेच्या मानानं काम चांगलं ओढतो. पण तुम्हाला मोठा आवडलाय. ते तुमच्या तोंडावर दिसतंय."

आवडला होताच. मी काही वर्षं पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. कागदावर असलेलं घर कॉम्प्युटरवर उभं करायचं, त्याच्या भिंतींवर ऊन पाडायचं, खिडकीतून झाड दिसू द्यायचं, हे माझं काम. त्यात मी चांगली होते. मग आईची फुप्फुसं घट्ट होत गेली. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला लावलं. वडील आधीच गेले होते आणि मी एकुलती एक. आई पुण्याला यायला तयार नव्हती. म्हणून मी आले.

आल्यावर जुन्याच कॉम्प्युटरवर छोटी छोटी कामं करत होते. कुणाच्या बंगल्याचा दर्शनी भाग, कुणाचं स्वयंपाकघर. आणि अचानक गुप्ते मॅडमचा फोन आला. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेब. टेकडीच्या उतारावर सहा घरांची योजना होती, त्यांना फिल्म हवी होती. अजून न बांधलेल्या घरांतून माणूस चालत गेल्यासारखी फिल्म.

"जूनच्या पहिल्या आठवड्यात बिल्डरला दाखवायची आहे. झेपेल ना तुला?" त्यांनी विचारलं होतं.

"झेपेल," मी म्हणाले होते. श्वासही न घेता.

अशा फिल्मच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात आणि प्रत्येक चित्रातली प्रत्येक सावली प्रोसेसरला मोजून काढावी लागते. माझ्या जुन्या मशीनवर ते काम दिवाळीपर्यंत चाललं असतं. नवीन मशीन घ्यायचं तर ठरलं होतं. कोणतं, एवढंच उरलं होतं आणि तेच ठरत नव्हतं. कारण आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची लाइट जायची. गेली की घरात एकच इन्व्हर्टर आणि त्यावर आईचं मशीन.

"एक काम करू," मुजीबभाई म्हणाले. "उद्या मी मोठा बसवून मशीन तुमच्या घरी आणतो. लाइट गेली की मावशींचं मशीन आणि हे, दोन्ही चालवून बघू. इन्व्हर्टरनं ओढलं तर मोठा तुमचा. नाही ओढलं तर विषय संपला. कागदावर गणित करून तुम्ही येड्या व्हाल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर, इन्व्हर्टर ओढेल अशी मला आशा होती.

घरी आले तेव्हा आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, कोपऱ्यात मशीनची घरघर. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. किनगावकर बाईंचा आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बोलण्यावरच आयुष्य काढलेल्या या बाईला आता एका वाक्यासाठी दोनदा थांबावं लागे. त्यामुळे ती शब्द निवडून, मोजके वापरायची आणि ते नेमके लागायचे.

"घेतलंस?" तिनं विचारलं.

"उद्या मुजीबभाई आणून बघणार आहेत. मग ठरवू."

"बघायचं काय त्यात. मोठा... घे."

"आई, इन्व्हर्टरचं बघावं लागेल."

"इन्व्हर्टर," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकेपर्यंत मुजीबभाई आले. पोत्यात गुंडाळलेलं मशीन त्यांनी मोटरसायकलवर पुढ्यात धरून आणलं होतं. समोरच्या खोलीत टेबलावर मांडलं, वायरी जोडल्या. मग आत डोकावून म्हणाले, "मावशी, सलाम. तब्येत?"

"मुजीब," आई म्हणाली, "चहा घेऊन... जा."

"घेणार की. आमच्या अब्बांचा सौदीवरून फोन यायचा ना मावशी, तुमचाच आवाज पहिला ऐकू यायचा. अम्मी अजून सांगते."

आई हसली. हसताना तिला खोकला आला, म्हणून मी मुजीबभाईंना बाहेर बोलावलं.

मी फिल्ममधला एक तुकडा निवडला होता. घराच्या पुढच्या ओसरीचा, सगळ्यात किचकट, सगळ्यात जास्त सावल्यांचा. मग लाइट जायची वाट बघत बसलो. दोनच्या सुमारास पंखा मंदावला, पुन्हा फिरला. घरातल्या बोळीत ठेवलेला इन्व्हर्टर सुरू झाल्याचा खट् आवाज आला.

"चला," मुजीबभाई म्हणाले. "लावा."

मी बटण दाबलं.

असं काम मी याआधी घरात कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर छोटे छोटे चौकोन भरत चालले होते, एकदम बारा ठिकाणी. काळोख्या चित्रात इथे भिंत उजळली, तिथे खांब, इकडे पायरीची कड. माझ्या जुन्या मशीनवर मी एक चौकोन भरताना बघत चहा करून यायचे. इथे माझी नजर पुरत नव्हती. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. टेबलाखालून पंखा सूं सूं करत गरम हवा फेकत होता. ती माझ्या घोट्यांना लागत होती आणि मला तीही आवडत होती.

मग बोळीतून आवाज यायला लागला. पीं. पीं. पीं.

"ओव्हरलोड," मुजीबभाई उठले. बोळीत इन्व्हर्टरवरच्या छोट्या दिव्यांची रांग टोकापर्यंत लाल झाली होती. "तुमच्या खोलीतला पंखा बंद करा."

मी पंखा बंद केला. पीं. पीं. फ्रिजचा प्लग काढला. तरी पीं. घामानं माझा कुर्ता पाठीला चिकटला. मी खोलीत फेऱ्या मारायला लागले. पडद्यापाशी जायचे, बोळीत यायचे, पुन्हा पडद्यापाशी.

"असंच चाललं तर ट्रिप होईल," मुजीबभाई म्हणाले. "ट्रिप झालं की दोन्ही मशीनं एकदम बंद. मग मावशींचं..."

"दोन मिनिटं," मी म्हणाले. "एवढं चित्र होऊ द्या."

"ताई."

"दोनच मिनिटं, मुजीबभाई. संपतच आलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ट्रिप झालंच तर लगेच परत चालू करायला इन्व्हर्टरच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले. आणि तेवढ्यात पीं पीं थांबलं.

आम्ही दोघं तसेच थबकलो. लाल दिवे एकेक करत खाली उतरले आणि हिरव्यात जाऊन बसले. पडद्यावर चौकोन भरतच होते.

"बसलं!" मुजीबभाई म्हणाले. "बघा, बसलं की! सुरुवातीला ओढतं जास्त, मग स्थिरावतं. मी म्हणालो नव्हतो?"

मला हसू फुटलं. मी टाळी वाजवली बहुतेक. चित्र पूर्ण झालं होतं. ओसरीवर दुपारचं ऊन पडलं होतं, खांबांच्या सावल्या तिरप्या. मी लगेच पुढचं चित्र लावलं. डोक्यात सहाही घरं उभी राहायला लागली. गुप्ते मॅडमना आठ दिवस आधीच पाठवून देऊ. त्या म्हणतील, अगं, हे घरून केलंस? मग पुढचं काम, मग त्याच्या पुढचं.

"स्थिरावलं म्हणजे एवढं?" मी बोलता बोलता विचारलं.

"काय?"

"लोड. निम्म्याच्या खाली गेलाय. पंखा बंद करून काही झालं नाही, फ्रिज बंद करून काही झालं नाही. आणि आता एकदम एवढा..."

मुजीबभाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याच क्षणी मला कळलं की टेबलाखालच्या पंख्याच्या सूं सूंमागे नेहमीची घरघर नाहीये.

मी आईच्या खोलीच्या दाराचा पडदा सारून आत गेले.

आई पलंगावर पाय सोडून ताठ बसली होती. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले. नळी नाकातच होती पण तिच्यातून काही येत नव्हतं. मशीनचं बटण तिनं स्वतः बंद केलं होतं. हातानं बंद केलं की ते मशीन ओरडत नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता आणि ती त्याच्यावरच्या आकड्याकडे टक लावून बघत होती. ओठ जांभळे पडले होते.

"अजून..." ती म्हणाली, "जमतंय."

चिमट्यावरचा आकडा सत्तरच्या घरात होता.

ते मशीन पुन्हा सुरू केल्यावर पुरेसा ऑक्सिजन द्यायला जरा वेळ लावतं. मला ते माहीत होतं, म्हणून मी बटण दाबलं आणि कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे धावले. अडीनडीसाठी ठेवलेला होता. त्याचा वॉल्व्ह घट्ट बसला होता, माझे हात घामेजलेले, किल्ली फिरेना. मागून पुन्हा पीं पीं सुरू झालं आणि लगेच थांबलं. मुजीबभाईंनी समोरच्या खोलीत जाऊन आपल्या नव्याकोऱ्या मशीनची वायर भिंतीतून सरळ उपटली होती. मग ते आत आले, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि एका झटक्यात वॉल्व्ह उघडला.

मी आईच्या नाकाला दुसरी नळी लावली. तिच्या पाठीमागे बसून तिला माझ्या अंगावर रेलू दिलं. तिच्या बरगड्या माझ्या हाताखाली वरखाली होत होत्या. पक्ष्यासारखं, फार भराभर. आम्ही तिघंही त्या चिमट्याकडे बघत होतो. आकडा जागचा हलत नव्हता. मग एकानं वर गेला. पुन्हा खाली आला. मग हळूहळू चढायला लागला.

ओठांवर रंग आला तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला.

"किती... झालं तुझं?"

मला इतका राग आला की मी उठून खिडकीशी गेले.

मुजीबभाई दाराशी उभे होते. "मशीन राहू देऊ का नेऊ, ताई?"

"न्या."

"राहू दे," आई म्हणाली.

ते घोटाळले. मग त्यांनी वायरी गुंडाळल्या, मशीन पोत्यात घातलं आणि गेले. चहा राहिलाच.

"हे काय होतं?" मोटरसायकलचा आवाज दूर गेल्यावर मी विचारलं.

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"तुम्ही इन्व्हर्टर... बघत होता. मी मला बघत होते. किती वेळ... जमतं."

"आणि काही झालं असतं तर?"

"कळलं असतं ना मग. जमत नाही म्हणून." ती थांबली, श्वास गोळा केला. "दुपारचे दोन-तीन तास. तेवढं जमलं... तर तुझा प्रश्न सुटला."

"माझा प्रश्न!"

"ओरडू नकोस. एक्स्चेंजमध्ये तातडीचा कॉल आला... की आम्ही चालू कॉल तोडायचो. कुणाचाही. ज्याचा तोडला त्याला... कारण सांगत नसू."

"हे एक्स्चेंज नाहीये, आई."

ती गप्प झाली. मला वाटलं बोलणं संपलं. पण ती ताकद साठवत होती.

"मी इथे पडल्या पडल्या ऐकत असते," ती म्हणाली. "तू काम लावतेस. लाइट जाते. तू शिवी देतेस. कॉम्प्युटरला देतेस, मला... माहितेय. पण ऐकू मला येते." तिनं डोळे मिटून घेतले. "पुणं सोडलंस माझ्यापायी. आता मशीनसुद्धा... लहान घेणार. माझ्यापायी. मोठा घे, योगे. मी सांगते."

मी तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले.

"घेते," मी म्हणाले. "मोठा घेते. तू फक्त एक कर. माझ्या गळ्याची शपथ घे की हे बटण पुन्हा बंद करणार नाहीस. लाइट असो नसो, इन्व्हर्टर ओरडो नाहीतर फुटो."

आईनं माझ्याकडे बघितलं. ती आयुष्यात माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिचे ओठ हलले. मग तिनं मान भिंतीकडे वळवली.

तिनं शपथ घेतली नाही.

संध्याकाळी मी गच्चीवर गेले. उन्हानं तापलेली फरशी अजून चटके देत होती तरी मी अनवाणीच येरझाऱ्या घालत राहिले. गणितं करत होते. मोठी बॅटरी घ्यावी? दुसरा इन्व्हर्टर? ते सगळं कुठून आणायचं? कॉम्प्युटर दुपारी बंद ठेवला तर? पण लाइट सांगून कुठे जात होती, कधी सकाळीच जायची, कधी दिवसातून दोनदा. प्रत्येक गणित शेवटी एकाच जागी येऊन अडायचं. समजा, बसवला मोठा. मी समोरच्या खोलीत काम करतेय. इन्व्हर्टर ओरडायला लागला. आणि थोड्या वेळानं गप्प झाला. तेव्हा मी काय करणार? त्या शांततेत मला एक चित्र तरी पूर्ण करता येणार आहे का?

धाकटा जोरात चालला तरी इन्व्हर्टर ओरडणार नाही, हे मुजीबभाईंनी दुकानात मोजून दाखवलं होतं. तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. इन्व्हर्टर ओरडला नाही, तर आईला बटणाकडे हात न्यायचं कारणच उरत नव्हतं. वॉट, कोर, किंमत हे सगळे हिशेब मी आठवडाभर केले होते. पण त्या संध्याकाळी मी प्रोसेसर निवडला तो माझ्या आईचा स्वभाव ओळखून.

मी तिथूनच गुप्ते मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सहा घरं वेळेत होणार नाहीत. मी तीन करते. चांगली करते."

"अगं, तू तर नवीन मशीन घेणार होतीस."

"घेतेय. पण तेवढं मोठं नाही."

"का गं? पैशांचं काही असेल तर बोल."

"तसं नाही. घरात तेवढी वीज नाही, मॅडम."

त्या हसल्या. वाईट अर्थानं नव्हे, त्यांना खरंच गंमत वाटली असावी. "वीज नाही? बरं. तीन घरं तू कर, बाकीची मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते. पुढच्या कामाचं बघू मग."

त्यांच्या हाताखाली काम केलं होतं मी. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. फोन ठेवला आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. निम्मं काम गेलं होतं. कदाचित सगळंच गेलं होतं. आता तरी मन शांत व्हायला हवं होतं, पण होत नव्हतं.

मुजीबभाईंनी दुसऱ्या दिवशी धाकटा बसवून दिला. जाताना एवढंच म्हणाले, "गुणी आहे, बघा तुम्ही."

आईनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. मी ताट नेलं की जेवायची, गोळ्या दिल्या की घ्यायची. बोलायची नाही. आधीच घरात शब्द कमी होते, आता तेही गेले. समोरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत ती, मध्ये पडदा.

मी काम सुरू केलं. धाकटा सावकाश पण न थांबता चित्रं काढत होता. लाइट गेली की खट् आवाज व्हायचा आणि माझे हात आपोआप की-बोर्डवरून उचलले जायचे. इन्व्हर्टर ओरडायचा नाही. मला तरीही धीर धरवायचा नाही. उठायचे, पडद्यापाशी जाऊन कान द्यायचे. घरघर असायची. परत येऊन बसायचे. पुन्हा उठायचे. आत जाऊन आईच्या मशीनवर हात ठेवून त्याची थरथर तपासून यायचे. आई डोळे मिटून पडलेली असायची. असं किती वेळा केलं असेन, देव जाणे.

एका दुपारी मी अशीच पाय न वाजवता आत गेले आणि मशीनवर तळवा ठेवला.

"चालू आहे," आई डोळे न उघडता म्हणाली. "कामाला... लाग."

त्या दिवसापासून तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं. थोडं थोडं.

काम जूनच्या तोंडावर संपलं. तिसऱ्या घराची फिल्म मी मॅडमना पाठवली. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. काम आवडलं, पैसे पाठवते. पुढच्या कामाबद्दल काही नव्हतं. तसं काम त्यांच्याकडून नंतर कधी आलंही नाही. दुसरीकडून आलं, एकेक करत, माझ्या वेगानं.

ते उत्तर वाचून मी उगाच घरभर फिरले. भांडी लावली, लावलेली पुन्हा लावली. मग आईच्या खोलीत गेले.

"बघायचंय? मी काय केलं ते?"

आईनं मान हलवली. मी तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं, लांब नळी सोडत सोडत समोरच्या खोलीत आणलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर खुर्ची उभी केली. तिनं चष्मा लावला. मी फिल्म सुरू केली.

फाटक उघडलं. टेकडीच्या उतारावरचं घर, वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. आईची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली. गेल्या दोन वर्षांत ती न्हाणीघरापर्यंतसुद्धा मध्ये टेकल्याशिवाय गेली नव्हती. कॅमेरा पायऱ्या चढायला लागला. मोकळी ओसरी मागे पडली, दार, बैठकीची खोली, तिथून वर जाणारा जिना. पहिल्या वळणावर आईनं नकळत श्वास धरला, जणू कॅमेरा आता थांबेल, कठड्याला हात टेकवेल. कॅमेरा थांबला नाही. दुसरं वळण. तिसरं. जिना संपला, एक छोटं दार उघडलं आणि समोर गच्ची, खाली सगळं गाव, मावळतीचं ऊन.

आईनं श्वास सोडला.

"दम नाही लागला," ती म्हणाली.

मी फिल्म शेवटच्या चित्रावर तशीच थांबवली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता खाली?"

"खाली उतरायचं केलेलं नाही, आई. फिल्म इथेच संपते. वरच."

"बरंय," ती म्हणाली. तिनं खुर्चीत पाठ टेकली. "मग बसू... थोडा वेळ."

बाहेर लाइट गेली असावी, कारण बोळीत खट् आवाज झाला. कॉम्प्युटर चालू होता. आतलं मशीन घरघरत होतं. मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी त्या न बांधलेल्या घराच्या गच्चीवरून खालचं गाव बघत राहिलो.